अंगी लागणे

आमच्या वऱ्हाडात एखाद्या किरकोळ अंगाच्या मुलाकडे पाहून वडीलधारी माणसे एक वाक्य हमखास उच्चारतात: "खाल्लेलं आंगी लागत नाही याच्या." लहानपणी हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की, तो माझ्या नावाचाच एक भाग असावा असे मला वाटू लागले होते. पुढे अकोल्याच्या एका शाळेत मुलांना व्याकरण शिकवू लागलो, तेव्हा या वाक्याच्या रचनेची मला मोठी मौज वाटली. येथे खाणारा कर्ता नाहीच. कर्ता आहे ते खाल्लेले अन्न. खाण्याचे काम तेवढे आपले. अंगी लागावे की लागू नये, हा सर्वस्वी त्याचा प्रश्न! पस्तीस वर्षे मी हे उदाहरण वर्गात देत आलो आणि मुले हसत आली. परंतु त्याचा खरा अर्थ मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळला, आणि तोही अंथरुणावर पडून.

माझ्या अंगी काही लागत नाही म्हणून आई दर उन्हाळ्यात मला अंजनगाव सुर्जीला आत्याकडे धाडीत असे. मूर्तिजापूरहून अचलपूरकडे जाणारी 'शकुंतला' तेव्हा धुराच्या इंजिनावर चाले. आता ती गाडी बंद आहे. परंतु तिच्या खिडकीतून डोळ्यांत गेलेल्या कोळशाच्या कणांची आठवण अजून ताजी आहे. आत्याच्या घरामागे थोडे चालले की पानमळे लागत. बाहेर वैशाखाचे ऊन रणरणत असावे आणि मळ्यात पाऊल टाकताच अंगावर गार सावली यावी, हा माझ्या बाळपणीचा सर्वांत मोठा चमत्कार होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या या पट्ट्यात, अकोट, अंजनगाव आणि तिकडे जळगाव जामोदपर्यंत, बारी समाजाची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या विड्याच्या पानांचे मळे करीत आली आहेत. त्यांच्याच जोडीला पानपिंपरीचे पीक येते. पानपिंपरी म्हणजे आयुर्वेदातील पिप्पली. विड्याच्या वेलाची आणि काळ्या मिऱ्याचीही ती सख्खी बहीण. तिला सावली हवी, पाणी हवे आणि माणसाचा हात सतत फिरता हवा. तिची बोटाच्या पेराएवढी फळे तोडून उन्हात वाळवतात. मग ती काळपट होतात आणि औषधांच्या बाजारात जातात.

आत्या रात्री दुधात एक पानपिंपरी उकळी, चिमूटभर हळद टाकी, वर तुपाचा थेंब सोडी आणि तो पेला माझ्यापुढे धरी. लवकर गुटगुटीत होण्याची मला घाई होती. मी एकदा म्हटले, "आत्या, आज दोन घाल ना!"

आत्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी तिच्या पाटल्याच मागितल्या होत्या. म्हणाली, "बावा, पिंपरी मोजून द्याची असते. एक घातली तं औषध, मूठभर घातली तं विस्तव."

याचे कारण तिला ठाऊक नव्हते आणि मलाही विचारावेसे वाटले नाही. तिच्या स्वयंपाकघरात कारण विचारण्याची पद्धतच नव्हती. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या घालायच्या, वर लसणाची फोडणी ओतायची. झुणक्याबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा घ्यायचा. मटकीला मोड आणायचे. वरणावर तूप आणि लिंबू हवेच. "आपल्यात असंच करतात," एवढीच त्याची उपपत्ती.

त्यानंतर अर्धशतक लोटले. आत्या गेली, मी सेवानिवृत्त झालो, आणि ज्या गुडघ्यांनी वर्गात पस्तीस वर्षे मला उभे ठेवले त्यांनी एकाएकी असहकार पुकारला. पुण्यास नोकरीला असलेल्या आमच्या चिरंजीवांनी तत्परतेने एक बाटली पाठवली. बाटली मोठी देखणी होती. आत हळदीचे सत्त्व भरलेल्या पिवळ्या गोळ्या होत्या, आणि त्यांत मिऱ्याचा अर्क मिसळला असल्यामुळे त्या 'अनेक पटींनी शोषल्या जातात' असे अभिमानाने छापले होते. सौभाग्यवतींनी बाटली उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "अहो, हळद तर आपल्या डब्यात आहेच, ही निराळी कशाला?" मी त्यांना थोडे विज्ञान सांगितले. नवऱ्याला विज्ञान सांगण्याची संधी रोज मिळत नाही.

मी सांगितले ते तसे खोटे नव्हते. हळदीतील पिवळे द्रव्य १८१५ साली फोगेल आणि पेल्तिए या दोघा रसायनज्ञांनी वेगळे केले आणि त्याला कर्क्युमिन हे नाव दिले. त्याची कीर्ती मोठी; पण स्वभाव मात्र विलक्षण भिडस्त. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही, तेला-तुपात विरघळते. पोटात गेलेल्यापैकी बहुतेक भाग आतड्यातून तसाच पुढे निघून जातो. जो थोडा भिंतीतून आत शिरतो, त्याला आतड्याच्या आणि यकृताच्या पेशी एका आम्लाची जोड लावून पाण्यात विरघळणारा करतात आणि बाहेरची वाट दाखवतात. १९९८ साली बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मोजक्या निरोगी माणसांना त्यांनी दोन ग्रॅम कर्क्युमिन दिले, तेव्हा रक्तात ते जेमतेम सापडले किंवा सापडलेच नाही. त्याच मात्रेबरोबर केवळ वीस मिलिग्रॅम पायपरिन दिले, तेव्हा ते सुमारे वीसपट अंगी लागले. पायपरिन म्हणजे मिऱ्यातील आणि पिंपरीतील तिखट द्रव्य. १८१९ साली ते प्रथम वेगळे करणारा शास्त्रज्ञ ओर्स्टेड. विजेचा आणि चुंबकाचा संबंध पुढच्याच वर्षी ज्याने दाखवला, तोच हा. हे पायपरिन त्या आम्लाची जोड लावणाऱ्या कारागिरांचेच हात धरून ठेवते. बाहेर घालवणारेच थांबले, की पाहुणा घरात राहतो!

एवढे सांगून मी विजयी मुद्रेने दिवसाला दोन गोळ्या घेऊ लागलो.

मी न केलेला हिशेब असा. आमच्या चार माणसांच्या स्वयंपाकात दिवसाला चहाचा एक लहान चमचा हळद लागते. म्हणजे तीनेक ग्रॅम. प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण ग्रॅम. हळदीत कर्क्युमिन असते साधारण शेकडा दोन ते पाच. तीन धरले तर माणशी बावीस-तेवीस मिलिग्रॅम झाले. माझ्या दोन गोळ्यांत होते एक हजार. म्हणजे चाळीस दिवसांहून अधिक काळाची हळद मी एका दिवसात गिळत होतो, आणि वर शरीराच्या दाराशी उभ्या असलेल्या राखणदाराचे हात बांधत होतो. अन्नातील रंग म्हणून कर्क्युमिन रोज किती पोटात जावे, याची मर्यादा जागतिक पातळीवरील तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलोमागे तीन मिलिग्रॅमपर्यंत ठरवली आहे. साठ किलोच्या माणसाला ती एकशे ऐंशी मिलिग्रॅम होते. पण 'हळदच तर आहे' या तीन शब्दांत अशी मोहिनी आहे की, मास्तरलाही गणित सुचत नाही.

दोन महिने गेले. गुडघे किंचित बरे वाटत होते. निदान बरे वाटावेत अशी माझी इच्छा फार होती. मग भूक मंदावली. अन्नाचा वास नकोसा झाला. लघवीचा रंग गडद झाला. एके दिवशी सकाळी सौभाग्यवतींनी मला उजेडाकडे तोंड करून उभे केले, क्षणभर डोळ्यांत पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "चला, डॉक्टरांकडे जाऊ." मी आरशात पाहिले. लग्नात हळद लागली होती तेव्हासुद्धा मी इतका पिवळा झालो नव्हतो.

डॉक्टर तरुण, आमच्याच शाळेचे विद्यार्थी. त्यांनी दारू विचारली, वेदनाशामक गोळ्या विचारल्या, जडीबुटी विचारली. मी प्रत्येक प्रश्नाला मान हलवून नाही म्हणत गेलो. शेवटी त्यांनी विचारले, "सर, रोज दुसरं काहीच घेत नाही?" तेव्हा मी सहज म्हणालो, "छे! फक्त हळद." त्यांच्या हातातील लेखणी थांबली. त्यांनी बाटली मागवून घेतली आणि तिच्यावरचा मजकूर दोनदा वाचला.

पुढचे तीन आठवडे मी विसरू म्हटले तरी विसरणार नाही. रक्ताच्या तपासणीत यकृताचे आकडे नेहमीच्या कितीतरी पट चढले होते. काविळीचे विषाणू नाहीत, पित्तखडे नाहीत, असे एकेक कारण वगळत वगळत डॉक्टर बाटलीपाशी येऊन थांबले. रात्री झोप येत नसे. अंगाला खाज सुटे. शेजारच्या खाटेवर सौभाग्यवती जाग्याच आहेत हे त्यांच्या श्वासावरून कळे. आणि दोघेही जागे असून दोघांनीही झोपेचे सोंग करण्यात जे दुःख आहे, ते मी त्या रात्री ओळखले. चिरंजीव पुण्याहून आले ते अपराध्यासारखे पायाशी बसले. त्यांना समजावता समजावता माझीच समजूत निघत असे.

डॉक्टरांनी सांगितले की, असा मी एकटा नव्हे. २०१९ साली इटलीत हळदीच्या सत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांत यकृतदाहाचे रुग्ण आढळले आणि तेथील सरकारने गोळ्यांवर इशारा छापायला लावला. २०२२ साली अमेरिकेत अशा दहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सात जणांत एक ठराविक आनुवंशिक खूण होती. काहींच्या गोळ्यांत मिऱ्याचा अर्कही होता. एक रुग्ण दगावला. म्हणजे लक्षावधी लोकांना जे सोसते ते एखाद्याला सोसत नाही, आणि तो एखादा आपणच आहो की काय, हे आधी कळण्याचा मार्ग सामान्य माणसाजवळ नाही. माझे सुदैव एवढेच की, गोळ्या बंद करताच आकडे उतरू लागले आणि अडीच महिन्यांनी यकृत पूर्ववत झाले. स्वयंपाकातील हळदीला डॉक्टरांनी मनाई केली नाही.

पण त्या पहिल्या दिवशीची एक गोष्ट सांगायची राहिली. माझी तपासणी संपल्यावर डॉक्टरांची नजर सौभाग्यवतींकडे वळली. "काकू, जरा खालची पापणी ओढून दाखवा," ते म्हणाले. त्यांचे रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन निघाले आठ पूर्णांक नऊ. एका घरात एकाचे डोळे पिवळे आणि दुसरीचे पांढरे! वर्षानुवर्षे त्या जिना चढताना थांबत, दुपारी थकून बसत, आणि मी त्यांना सांगत असे, "पालेभाजी खात जा." त्या खातही होत्या. पालेभाजी, ज्वारीची भाकर, तुरीचे वरण. लोहाची आमच्या ताटात वाण नव्हती. मग ते जात होते कोठे?

डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला. "जेवणानंतर चहा?"

आमच्या घरी जेवणावर चहा होतोच. तो मला लागतो. मला लागतो म्हणून तो होतो, आणि मला एकट्याने पिणे आवडत नाही म्हणून त्याही पितात. वनस्पतीतील लोह आधीच हट्टी. धान्याच्या कोंड्यातील फायटिक आम्ल त्याला धरून ठेवते. त्यात चहातील टॅनिन येऊन मिळाले की दोघांचे असे संयुग बनते जे विरघळत नाही. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत भाकरी-भातासारख्या शाकाहारी अन्नातील लोहाचे शोषण चहामुळे घटते हे माणसांवरच पडताळून पाहिले गेले. मला यासाठी प्रयोगशाळेत जाण्याचेही कारण नव्हते. आमच्या आजोबांच्या काळी हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळी शाई बनवीत. हिरड्यात टॅनिन, हिराकशीत लोह. तीच शाई आम्ही उभयता रोज दोन वेळा पोटात तयार करीत होतो, आणि तिने त्यांच्या रक्तातला रंग पुसला जात होता.

त्या दिवशी घरी परतताना रिक्षात त्या काही बोलल्या नाहीत. घराचे दार उघडताना एवढेच म्हणाल्या, "पालेभाजी खा असं तुम्ही वीस वर्षं सांगितलंत. चहा मात्र मीच ठेवत होते." या वाक्यात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आले असते.

अशक्तपणाच्या त्या महिन्यांत मी पुष्कळ वाचले. मैसूरच्या केंद्रीय अन्न संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१० साली दाखवले की, धान्य-कडधान्यांबरोबर कांदा किंवा लसूण असला तर प्रयोगनळीतील पचनात त्यांतले लोह आणि जस्त अधिक मोकळे होते. लिंबातील क जीवनसत्त्व लोहाला विरघळते ठेवते. मोड आणल्याने फायटिक आम्ल घटते. पालेभाजीतील कॅरोटीन अंगी लागायला थोडा स्नेह हवा. वाचता वाचता आत्याचे ताट माझ्या डोळ्यांपुढे येई: फोडलेला कांदा, लसणाची फोडणी, लिंबाची फोड, मोडाची मटकी. ती सर्वज्ञ होती असे म्हणण्याचा मोह मी आवरला आहे. तिच्याही गावात पांढऱ्या डोळ्यांच्या बायका होत्याच, आणि नुसत्या लिंबाने त्या बऱ्या झाल्या नसत्या. सौभाग्यवतींनाही डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या त्या दिल्याच. पण त्या गोळ्यांच्या वाटेतून चहा बाजूला झाला.

मग एक दिवस चरकसंहिता काढली. विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आचार्यांनी तीन पदार्थ अति वापरू नयेत असे बजावले आहे: पिप्पली, क्षार आणि लवण. क्षार आणि लवण मी समजू शकलो. परंतु औषधांत जिची एवढी थोरवी, ती पिप्पली या यादीत का? आचार्य म्हणतात की ती तत्काळ गुण देते, पण नित्य वापराने दोषांचा संचय करते. तिला ते योगवाही म्हणतात. म्हणजे ज्याच्याशी योग होईल त्याचा गुण वाहून नेणारी. मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तसाच बसलो. "पिंपरी मोजून द्याची असते!" माझ्या अशिक्षित आत्याने दिलेला आणि मी विसरलेला धडा तो हाच होता.

जी वाहून नेते ती काय वाहून नेते हे पाहत नाही, यातच सारे आले. जम्मूच्या प्रयोगशाळेत या गुणाचा पुष्कळ अभ्यास झाला, आणि २००९ साली त्यातून क्षयाचे एक औषध भारतात आले. त्यात पायपरिनची सोबत दिल्यामुळे रिफॅम्पिसिनची मात्रा साडेचारशे मिलिग्रॅमवरून दोनशेवर आणता आली. ही सोबत कल्याणकारी खरी. पण तेथे मात्रा मोजलेली आहे, माणसे तपासलेली आहेत. हेच पायपरिन फेफऱ्यावरील फेनिटॉइन किंवा हृदयविकारावरील प्रोप्रॅनोलॉल यांचेही रक्तातील प्रमाण चढवू शकते. ती औषधे घेणाऱ्याने कोणाला न विचारता अशी बाटली उघडली, तर त्याच्या डॉक्टरांनी तोलून दिलेली मात्रा नकळत वाढलेली असते.

आपण समजतो की शरीर आळशी आहे. दिलेले घेत नाही, म्हणून त्याला ढकलले पाहिजे. हळदीला हजार गुण असतील, पण आतड्याने आणि यकृताने तिला इतका काळ दाराशीच का थांबवले असेल, हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता. वनस्पती आपली द्रव्ये आपल्यासाठी बनवीत नाही. बहुधा किडीला आणि बुरशीला दूर ठेवण्यासाठी बनवते. त्यांना पारखून आत घेणारे दार शरीराने मोठ्या अनुभवाने बसवले आहे. कधी ते दार आपण आपल्याच सवयीने निष्कारण बंद करतो, जसे मी पत्नीच्या लोहाचे केले. कधी ते फोडून टाकतो, जसे मी माझ्या हळदीचे केले. दोन्ही वेळी मला वाटत होते की मी अन्नाच्या गुणांचा विचार करतो आहे. विचार करायला हवा होता तो सोबतीचा, मात्रेचा आणि वेळेचा. जुने वैद्य औषधाबरोबर अनुपान सांगत, आणि आम्ही शिकलेले लोक त्याला मधाची चव समजून हसत होतो.

बरा झाल्यावर अकोटमार्गे अंजनगावला जाऊन आलो. आत्याचे घर आतेभावाने नव्याने बांधले आहे, पण मागची वाट तीच आहे. एका मळ्यात वाळत घातलेल्या पानपिंपरीचा वास आला आणि मी जागच्या जागी आठ वर्षांचा झालो. मळेवाल्याने कागदात बांधून मूठभर दिली; पैसे घेईना.

आता आमच्याकडे चहा चार वाजता होतो. जेवणानंतर होत नाही. पहिले पंधरा दिवस मी फार सोसले, हे कबूल करतो. वरणावर लिंबू असते. चार महिन्यांनी सौभाग्यवतींचे हिमोग्लोबिन अकरा पूर्णांक दोन झाले आणि त्या गच्चीवर मला न सांगता वाळवण घालून आल्या. ती देखणी बाटली त्यांनी टाकली नाही. घासून पुसून तिच्यात अंजनगावची पानपिंपरी भरून ठेवली आहे. परवा थंडीत त्यांना खोकला झाला, तेव्हा डॉक्टरांना विचारून मी दूध उकळायला ठेवले आणि बाटलीचे झाकण उघडले.

आतल्या खोलीतून आवाज आला, "मोजून हं!"

मी म्हणालो, "एक."